क्राइनकाकांचं शेवटचं लेक्कर

…नाही, पण मला एक सांगा, थडग्याच्या दगडावर उद्गारचिन्ह कोणी कोरतं का? चाळीस वर्षं मी हे दगड कोरतोय, माझ्याआधी माझा बाप कोरत होता, अख्खं गाव आमच्या हातून गेलंय, म्हणजे जे गेले ते सगळे आमच्या हातून गेले, आणि त्यातल्या एकालाही उद्गारचिन्ह लागलं नाही. मेलं की पूर्णविराम. तोसुद्धा आम्ही घालत नाही, त्या खळग्यात पावसाचं पाणी साठतं, शेवाळ धरतं. आणि इथे एका बेकरीवाल्याच्या तीन पोरांनी, पोरं म्हणजे पन्नाशी ओलांडलेली बरं का, सहा अक्षरांसाठी मला सहा महिने लटकवून ठेवलं. आणि सहा तरी कसली, त्यात दोन के आणि दोन ई, म्हणजे धड चारच. मी कोरणारा माणूस हो, मला कशाला विचारता?

शब्द कुठला, तर आमच्या डच भाषेतला लेक्कर.

आता हा शब्द म्हणजे, तुम्हाला सांगतो, आमच्या गावचा सगळ्या कुलपांना लागणाऱ्या किल्लीसारखा प्रकार आहे. जेवण झकास झालं, लेक्कर. ऊन पडलं, लेक्कर. झोप लागली, लेक्कर झोपलो. बांधावरून सायकल मारून आलो, लेक्कर. एखादी पोरगी दिसायला बरी असली की टवाळ कार्टी तिच्या पाठीमागे तेच पुटपुटणार. ताप आला की 'मला लेक्कर वाटत नाही'. कोणी अद्वातद्वा बोलायला लागलं की 'तू लेक्कर आहेस ना रे?', म्हणजे डोकं ठिकाणावर आहे ना. शाळेतलं शेंबडं पोर गोट्यांत जिंकलं की जीभ काढून दाखवतं आणि वर लेक्कर म्हणतं, म्हणजे बरी जिरली तुझी. आणि भर पावसात सायकलचं चाक बसलं, की आकाशाकडे बघून, तोंड वाकडं करून, 'वा. लेक्कर.' तुम्ही म्हणाल, काय हो ही भाषा, शब्द संपले की काय तुमचे? संपले नाहीत. पण बाकीचे माळ्यावर असतात आणि हा खिशात असतो.

आणि हाच नेमका क्राइनकाकांच्या तोंडातून शेवटी बाहेर पडला.

क्राइन मोल, बेकरीवाले. वय चौऱ्याऐंशी. दिवसाला वीस शब्द बोलणार, त्यातले बारा भट्टीशी. कौतुक नावाची गोष्ट त्या माणसाकडे तयारच व्हायची नाही. फार खूश झाले तर भुवई वर जायची, एकच, डावी. एप्रिलातल्या एका गुरुवारी, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, बेकरीच्या वरच्या खोलीत ते अखेरच्या घटका मोजत होते. उशाशी तान्नेमावशी, त्यांची बायको, हात धरून बसलेली. आणि भोवती तीन पोरं. थोरली पीटरनेला, मिडलबर्गच्या इस्पितळात तीस वर्षं नर्स, बापाच्या सेवेसाठी रजा टाकून आलेली. मधला मारिनुस, ज्याने बाप थकल्यावर बावीस वर्षं बेकरी चालवली. आणि धाकटी कोबा, जी खूस गावात दातांच्या डॉक्टरकडे कामाला असते.

तर झालं काय, की एकाच मिनिटात तीन गोष्टी झाल्या. कोबाने स्वतः केलेल्या बोलुसचा तुकडा चहात बुडवून बापाच्या ओठाला लावला. बोलुस म्हणजे आमच्या झीलंडचा वळकटीसारखा गोड पाव, दालचिनी आणि काळ्या साखरेत लोळवलेला, खाल्ल्यावर बोटं एकमेकांना सोडत नाहीत. त्याच वेळी मारिनुसने खिडकी उघडली, खाडीवरचा वारा आत आला. आणि त्याच वेळी पीटरनेलाने त्यांना जरा उचलून पाठीमागची उशी सरकवली. क्राइनकाकांनी डोळे उघडले, म्हणाले, 'लेक्कर', आणि गेले.

काय सुंदर मरण! कोणालाही हेवा वाटावा. पुढच्या मंगळवारी तिघं हातात हात घालून माझ्याकडे आली, रडतायत पण आणि हसतायत पण, म्हणाली, वाउटर, नाव घाल, तारखा घाल आणि खाली बाबांचा शेवटचा शब्द घाल. माझेसुद्धा डोळे भरून आले. मी पेन्सिल घेतली, कागदावर शब्द मांडला, आणि मग मी, बापजन्मात करू नये तो मूर्खपणा केला. मी विचारलं, "नुसता शब्द, की पुढे काही चिन्ह?"

रोजचा प्रश्न हो. सगळ्यांना विचारतो.

"उद्गारचिन्ह," कोबा म्हणाली. "माझ्या बोलुसला म्हणाले ते."

मारिनुस म्हणाला, "कोबा, त्या माणसाने तीन दिवस घोटभर पाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं. खिडकी उघडली म्हणून म्हणाले. वारा आला ना. पूर्णविराम घाल, वाउटर."

पीटरनेला चष्मा पुसत होती. ती पुसतच राहिली. मग म्हणाली, "तीन टिंबं."

"टिंबं कशाला?"

"मारिनुस, त्या दिवशी सकाळी तू त्यांना काय सांगितलंस ते मला माहीत आहे. वारा नाही आणि बोलुस नाही. तुला टोमणा होता तो."

कारण असं, की मारिनुसने बेकरी बंद करायची ठरवलं होतं. तिथे सायकली भाड्याने द्यायचं दुकान येणार होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त म्हाताऱ्याला नव्हतं, आणि मारिनुसने त्याच गुरुवारी सकाळी ते त्यांच्या कानावर घातलं होतं. म्हणजे पीटरनेलाच्या हिशेबाने बाप जाता जाता म्हणाला, वा, सायकली. लेक्कर.

माझ्या कारखान्याला दार एकच आहे. पण ती तिघं अशी बाहेर पडली, जणू तीन आहेत. आणि माझ्याकडे राहिला एक निळसर बेल्जियन दगड, पाठीत उसण भरेल एवढा, नाव कोरलेला, तारखा कोरलेल्या आणि खाली हातभर मोकळी जागा. येणारं-जाणारं विचारायचं, हे अर्धवट का? मी काय सांगू? मी कोरणारा माणूस.

मग सुरू झाल्या एकेकट्याच्या फेऱ्या. कोबा दर शनिवारी खूसहून गाडी हाकत यायची, हातात डबा, डब्यात बोलुस. म्हणायची, वाउटर, तूच खाऊन सांग. आता मी काय सांगणार? तो शब्द तोंडातून काढायची चोरी. मी आपली मान हलवायचो, गाईसारखी. एकदा ती तिथेच दगडावर बसली आणि तिने सांगितलं. एकोणीस वर्षांची असताना तिने पहिल्यांदा बोलुस केले, भर दुकानात, गिऱ्हाइकं उभी असताना बापाने एक उचलला, चावला आणि म्हणाला, 'कोबा, याने माणसाची दाढ पडेल.' लोक हसले. त्या पोरीने ते इतकं मनाला लावून घेतलं की सरळ दातांच्या डॉक्टरकडेच नोकरी धरली. तेहतीस वर्षं! तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या दाढा बघतेय आणि रविवारी घरात गुपचूप बोलुस करतेय. आता कळलं तुम्हाला उद्गारचिन्ह का हवं होतं?

मारिनुस यायचा आणि बसायचा. बापावर गेलाय, बोलत नाही. तासभर बसून जाताना म्हणायचा, "त्या दिवशी वारा खरंच छान होता, वाउटर." मी म्हणायचो, हो रे, असेल. दाराशी पुन्हा वळायचा, "नैर्ऋत्येचा होता." पीटरनेला येत नव्हती, ती फोन करायची. एकच शब्द, "टिंबं." आणि ठेवून द्यायची. माझ्या बायकोने एकदा फोन उचलला, तिला वाटलं कोणीतरी हेर आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी म्हणालो असतो, ठीक आहे. पण मध्ये आले डिंगेमान मास्तर. मास्तर म्हणजे आमच्या स्मशानभूमी समितीचे चिटणीस, त्यांची सही झाल्याशिवाय गावात दगडावर एक रेघ उमटत नाही. मला चौथीत शिकवायला होते. मी आज आजोबा झालोय, पण मास्तर कारखान्यात शिरले की मी छिन्नी खाली ठेवून उभा राहतो, आपोआप. त्यांनी माझा कागद घेतला, नाकाशी धरला, म्हणाले, "वाउटर, असा शब्द थडग्यावर घालायचा म्हणजे आधी त्याचं मूळ बघायला हवं." मी म्हटलं, मास्तर, मूळ कशाला, वरचं बघून सही करा ना. तर म्हणाले, "बस खाली." बसलो.

तीन आठवडे मूळ शोधत होते! तीन आठवड्यांनी सायकलच्या पिशवीतून विटेएवढा शब्दकोश काढला, माझ्या दगडावर ठेवला आणि सुरू झाले. म्हणाले, हा शब्द आला चाटण्यावरून. आपण लिकन म्हणतो ना चाटायला, त्याचाच हा भाऊ. आणि जुन्या काळात लेक्कर म्हणजे चवदार नव्हेच, लेक्कर म्हणजे चाटणारा माणूस. खादाड. दुसऱ्याच्या ताटावर डोळा ठेवून फिरणारा. आणि असल्या माणसाचा जो लौकिक होतो तोच त्या शब्दाला चिकटला, लेक्कर म्हणजे लुच्चा, बदमाश.

"मग चवदार कधी झाला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"चाटणारा आधी आला," मास्तर म्हणाले, "चाटावंसं वाटणारं नंतर. मग जे जे बरं वाटेल ते सगळंच. लोक आळशी असतात, वाउटर. आता तूच सांग, समितीपुढे मी काय ठेवू? क्राइन मोल, जन्म अमुक, मृत्यू तमुक, बदमाश?"

मी म्हटलं, "मास्तर, हे सातशे वर्षांपूर्वीचं. आज गावात हा अर्थ कोण लावणार?"

"मी," मास्तर म्हणाले, शब्दकोश पिशवीत घातला आणि गेले.

बरं, जाऊन गप्प तर बसायचं? नाही. तिन्ही भावंडांच्या घरी जाऊन तेच व्याख्यान. कोबाला वाटलं, मास्तर तिच्या बापाला हावरट म्हणतायत. मारिनुस हसला, म्हणाला, बदमाश हा अर्थ मला चालेल. ते पीटरनेलाला लागलं. म्हणजे आधी तिघांत तीन अर्थ होते, मास्तरांच्या कृपेने झाले पाच. जुलैत ती एकमेकांचे फोन घेईनाशी झाली. ऑगस्टात मारिनुस बेकरीतलं सामान हलवत होता, तर दोघी बहिणी समोरच्या फुटपाथवरून निघून गेल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. ज्या घराने साठ वर्षं गावाला पाव दिला ते घर एका शब्दापायी फुटायला आलं, आणि तो शब्दही कसला, तर सगळं छान आहे असं सांगणारा. हसावं की रडावं? मला काय, मी कोरणारा माणूस, पण रोज सकाळी त्या मोकळ्या जागेकडे बघायची वेळ माझ्यावर होती ना.

आणि सप्टेंबरात आला तान्नेमावशींचा ब्याऐंशीवा वाढदिवस. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे भिंतीला पाठ लावून गोल मांडलेल्या खुर्च्या, एकदा बसलं की उठायचं नाही, आणि प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. आईचं तर करायचंच, पण मुलीला म्हणायचं, आईबद्दल अभिनंदन, शेजाऱ्याला म्हणायचं, शेजारणीबद्दल अभिनंदन. मला तिथे काय, दगडवाल्याबद्दल अभिनंदन? पण बायको म्हणाली, यायचं. गेलो. तिन्ही पोरं तीन कोपऱ्यांत. मास्तरही होते. एकमेकांचं अभिनंदन तिघांनी हनुवटीने केलं. तान्नेमावशी मध्ये बसून सगळ्यांकडे बघून हसत होत्या.

मग कोबाने बशा फिरवल्या. बोलुस. रीतीप्रमाणे उलटे करून, बुडाला लोणी फासून. आणि तुम्हाला सांगतो, तिथे चौदा माणसं होती, चौदाच्या चौदा चावतायत आणि एकाच्याही तोंडून तो शब्द निघत नाही! असं दृश्य मी जन्मात बघितलं नाही. जो शब्द आम्ही दिवसातून पन्नास वेळा वापरतो तो सगळ्यांनी दाताखाली दाबून धरलेला. माझी बायको म्हणाली, "मऊ आहे." मास्तर म्हणाले, "हं. खाण्याजोगं आहे." कोणीतरी म्हणालं, "पोटाला आधार होतो." आणि बिचारी कोबा रिकामं तबक घेऊन मधोमध उभी.

मारिनुसने आपला बोलुस संपवला. मग अंगठा चाटला. मग पहिलं बोट. मास्तर त्याच्या बोटांकडे शब्दकोश बघावा तसे बघत होते. आणि तिसरं बोट चाटताना त्याच्या तोंडून निसटलं.

"लेक्कर."

कप जिथल्या तिथे थांबले. कोबा म्हणाली, "कसलं लेक्कर?"

मारिनुसने बशी मांडीवर ठेवली. म्हणाला, "बाबांच्यासारखं." मग म्हणाला, "नाही. शेवटी शेवटी बाबांचे जरा कोरडे व्हायचे."

कोबाने तबक पियानोवर ठेवलं आणि तोंडाला हात लावला. आणि तो न बोलणारा माणूस बोलायला लागला. म्हणाला, मी सकाळी त्यांना सांगितलं की बेकरी जातेय. ते काही बोलले नाहीत. दुपारपर्यंत काही बोलले नाहीत. मग एकच शब्द बोलले. "पाच महिने मी वारा वारा करतोय," तो म्हणाला, "कारण वारा नसेल तर मग मीच."

"तू नाहीस."

हे पीटरनेला म्हणाली. चष्मा काढून हातात धरला होता, पण पुसत नव्हती. म्हणाली, तुझ्यावर ढकललं, कारण दुसरं काही मला ऐकवत नव्हतं. त्या शब्दाच्या आधी मला काहीतरी ऐकू आलं होतं. 'नाही'सारखं. नाही लेक्कर. मी उशी सरकवली तेव्हा. "तीस वर्षं परक्या माणसांच्या उशा सरकवल्या," ती म्हणाली, "कोणाला दुखवलं नाही. आणि बाबांना…"

म्हणजे ती टिंबं शब्दाच्या पुढे नव्हती हो. ती आधी हवी होती. आणि मी एवढा अक्षरं मांडणारा, मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की बाई, टिंबं नक्की कुठे?

मग मारिनुसने आपली खुर्ची उचलली, आमच्याकडे वाढदिवसाच्या गोलातली खुर्ची कोणी हलवत नाही, पण त्याने उचलली आणि थोरलीच्या शेजारी नेऊन ठेवली. कोबा जाऊन दोघांच्या पायाशी जमिनीवर बसली, बावन्न वर्षांची बाई, लहान मुलीसारखी. म्हणाली, "तू उशी सरकवल्यावर त्यांची भुवई वर गेली होती. मी बघत होते." पीटरनेलाने विचारलं, "कुठली?" "डावी," कोबा म्हणाली. खरं होतं की नाही कोण जाणे. मी विचारलं नाही.

तिथेच ठरलं. चिन्ह नाही. काहीच नाही. नुसता शब्द, ज्याला जसा वाचायचा तसा वाचावा. सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर तिसऱ्या बोलुसवर होते. रुमालाने मिशी पुसली आणि म्हणाले, समितीची हरकत नाही.

ऑक्टोबरात मी कोरला. खोल कोरला. दगड बसवला, तिघं एकत्र आली होती, एकाच गाडीतून. आता येणारी-जाणारी माणसं तिथे थांबतात, काही हसतात, काही डोळे पुसतात, आणि मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचा.

पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता तान्नेमावशी माझ्या दारात. एकट्या. मी कॉफी ओतली. त्या म्हणाल्या, "दगड छान झालाय, वाउटर. पण क्राइन ते म्हणाला नाही."

मी किटली खाली ठेवली. म्हटलं, "काय म्हणाला नाही?"

"लेक्कर. तो म्हणाला, वेक्कर."

वेक्कर! म्हणजे काय, माहीत आहे? गजराचं घड्याळ.

म्हणाल्या, अडतीस वर्षं आम्ही दोघांनी भट्टी लावली. पहाटे अडीचचा गजर. घड्याळ माझ्या बाजूला, कारण त्याच्या बाजूला असलं की तो आपटायचा. वाजलं की डोळे न उघडता एवढंच म्हणायचा, वेक्कर. मी हात लांब करून बंद करायची, पोरं उठू नयेत म्हणून. त्या दुपारीही म्हणाला. "मी हात लांब केला," त्या म्हणाल्या, "तिथे घड्याळ कुठलं, किती वर्षं झाली. मग तोच हात त्याच्या कपाळावर ठेवला."

अख्ख्या गावाने मुळं खणली, सातशे वर्षं मागे जाऊन आले, आणि जिच्या हातात त्या माणसाचा हात होता तिला एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

"पोरांना सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "आता कुठे रविवारी एकत्र जेवतात. हे कळलं की पुन्हा सुरू होतील, बाबा गजर लाव म्हणाले की बंद कर म्हणाले."

मी त्यांचा हात धरला, म्हटलं, "मावशी, मी कोणाला सांगणार नाही."

"साखर नको रे," त्या म्हणाल्या, "नुसतं दूध घाल."

मी जरा मोठ्याने म्हटलं, "सांगणार नाही म्हटलं."

"हो हो, थोडंसंच."

आता मला सांगा, जिला 'सांगणार'चं 'साखर' ऐकू येतं, तिला त्या दुपारी… जाऊ दे. दगड बसलाय, अक्षर खोल गेलंय. वचनही तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही, तेव्हा ते मी दिलं असं धरत नाही, म्हणून तर तुम्हाला सांगतोय. तिला मात्र मी पुढे काही बोललो नाही. दूध आणायला गेलो.